एडी ८२३२ ईसीजी मॉड्यूल : हम नेमका येतो कुठून?

हृदयाच्या विद्युत संकेताचा आलेख घरच्या टेबलावर पाहायचा असेल, तर ॲनालॉग डिव्हाइसेस या कंपनीच्या एडी ८२३२ या चिपवर बेतलेले छोटे मॉड्यूल हा आजचा सर्वांत स्वस्त आणि सहज मिळणारा मार्ग आहे. या मॉड्यूलचा रूढ आराखडा स्पार्कफन या अमेरिकी कंपनीचा. तो खुला असल्यामुळे त्याच्या नकला बाजारात मुबलक आहेत, आणि मी घेतलेल्या मॉड्यूलवर कोणत्याच उत्पादकाचे नाव नसल्याने तेही त्यांपैकीच एक असावे असे मी धरून चालतो. पुण्यातल्या बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांपैकी एका दुकानात, मॉड्यूल, तीन तारांची केबल आणि तीन चिकटवायचे इलेक्ट्रोड असा संच हजार रुपयांच्या आत मिळाला. माहितीपत्रक सोबत नव्हते, आणि मागितल्यावर दुकानदाराने "गुगलवर आहे सगळे" असे सांगितले, ते एका अर्थाने खरेही आहे.

डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हे मॉड्यूल मी बरीच वर्षे पाहत आलो आहे आणि दर वर्षी एकच तक्रार कानावर येते : "सर, चिप डुप्लिकेट निघाली, नुसता नॉइज येतोय." या तक्रारीची एकदा नीट शहानिशा करावी म्हणून या वेळी मी ते स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या घरी आणि स्वतःच्या छातीवर लावून तीन आठवडे वापरले.

मॉड्यूल काय करते ते आधी सांगतो, कारण नॉइजचा शोध घेताना हे आकडे हाताशी लागतात. छातीवर मिळणारा हृदयाचा संकेत जेमतेम १ मिलिव्होल्टचा असतो. चिपमधला पहिला टप्पा तो १०० पट आणि पुढचा टप्पा ११ पट, म्हणजे एकूण ११०० पट मोठा करतो, त्यामुळे बाहेर साधारण १.१ व्होल्टचे टोक दिसते. वाटेत ०.५ हर्ट्झखालचे आणि ४० हर्ट्झवरचे संकेत दाबले जातात. चिप स्वतः अवघा १७० मायक्रोॲम्पिअरच्या आसपास प्रवाह घेते, त्यामुळे बॅटरीवर ती कितीही वेळ चालते. तिसरा इलेक्ट्रोड मोजण्यासाठी नसतो. दोन्ही इलेक्ट्रोडांवर सारख्याच प्रमाणात येणारा व्होल्टेज उलटा करून तो त्या तिसऱ्या इलेक्ट्रोडमधून शरीराला परत दिला जातो, म्हणजे नको असलेला भाग मुळातच कमी व्हावा.

आता त्या ४० हर्ट्झच्या फिल्टरविषयी असलेला एक सार्वत्रिक गैरसमज. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, फिल्टर ४० चा, तेव्हा हम, म्हणजे घरातल्या विजेची संकेतात मिसळणारी लहर, आपोआप गाळला जाईल असे विद्यार्थी गृहीत धरतात. परंतु ४० आणि ५० मध्ये अंतर इतके थोडे आहे की दोन ध्रुवांचा, म्हणजे उतार फार तीव्र नसलेला, हा फिल्टर ५० हर्ट्झचा हम साधारण निम्म्यावर आणतो, त्याहून फारसे काही करत नाही. तेव्हा मॉड्यूलच्या बाहेर हम दिसला, तर तो आत कुठून शिरला हा प्रश्न विचारावाच लागतो. फिल्टरच्या भरवशावर बसून चालत नाही.

पहिल्या संध्याकाळी माझ्याही पडद्यावर तेच दिसले जे विद्यार्थ्यांना दिसते : रेघेऐवजी जाड पट्टा, आणि त्यातून मधूनमधून डोके वर काढणारी हृदयाची टोके. मॉड्यूलचा संकेत मोजून लॅपटॉपला पाठवणाऱ्या आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डाच्या दहा बिटांच्या (० ते १०२३) मोजणीत, संदर्भ व्होल्टेज ३.३ चा ठेवल्यावर, एक अंक म्हणजे सुमारे ३.२ मिलिव्होल्ट. पट्टा मध्यापासून दोन्ही बाजूंना शंभरावर अंकांचा होता आणि हृदयाचे टोक सव्वातीनशेच्या घरात. एवढ्या नॉइजमध्ये ठोके मोजता येतात, पण आलेखाचा आकार पाहता येत नाही.

चिपवर संशय घेण्याआधी तिला निर्दोष ठरवण्याची संधी द्यायला हवी, आणि ती चाचणी दोन मिनिटांची आहे. केबलची तिन्ही बटणे शरीरावरून काढून एकमेकांना टेकवली आणि पोळ्यांच्या डब्यात घालतो त्या ॲल्युमिनियम फॉइलच्या तुकड्यात घट्ट गुंडाळली. तिसऱ्या तारेतून येणारा मधला व्होल्टेज अशा वेळी बाकी दोन्ही तारांना मिळतो आणि दोहोंतला फरक शून्य होतो. पट्टा नाहीसा झाला. रेघ ५१२ च्या आसपास एक-दोन अंक इकडेतिकडे होत स्थिर राहिली. नकली म्हणून हिणवले जाणारे हे मॉड्यूल स्वतः स्वच्छ होते, आणि माझ्या मते कोणीही विकत घेतल्यावर सर्वांत आधी हीच चाचणी करावी. या चाचणीतही रेघ जाडच राहिली, तरच दुकानात परत जाण्यात अर्थ आहे.

त्यानंतर त्याच फॉइलमध्ये एक वाकडी चाचणी केली. एका तारेच्या आणि फॉइलच्या मध्ये ४७ किलोओहमचा रेझिस्टर घातला, बाकी दोन्ही तारा तशाच ठेवल्या आणि फॉइलला बोट लावले. हम लगेच परत आला. दोन्ही बाजूंना सारखेच ४७ किलोओहम घातल्यावर तो पुष्कळ कमी झाला. या मॉड्यूलच्या साऱ्या वागण्याची किल्ली या एका प्रयोगात आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

खोलीतल्या तारांशी आपले शरीर हवेतून, अगदी लहान कपॅसिटरने जोडावे तसे जोडलेले असते. ही जोडणी तीन पिकोफॅरड धरली, तर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झला शरीरात शिरणारा प्रवाह ०.२ मायक्रोॲम्पिअरच्या थोडा वर भरतो. आकडा क्षुल्लक आहे, पण त्वचेवरच्या इलेक्ट्रोडचा रोध ५० किलोओहम असेल तर त्यावर तो १० मिलिव्होल्ट उभे करतो, म्हणजे हृदयाच्या संकेताच्या दहापट. हा व्होल्टेज दोन्ही इलेक्ट्रोडांवर सारखाच असतो, आणि सारखा असलेला व्होल्टेज दहा हजार पटींनी दाबण्याचे वचन, म्हणजे ८० डेसिबल, चिपचा निर्माता देतो. या हिशेबाने उरायला हवा केवळ एक मायक्रोव्होल्ट.

तो तेवढाच उरत नाही, याचे कारण मॉड्यूलच्याच आराखड्यात आहे. तार सुटली की ते कळावे म्हणून दोन्ही इनपुट १० मेगाओहमच्या रेझिस्टरांनी पुरवठ्याच्या व्होल्टेजला बांधलेले असतात. दोन इलेक्ट्रोडांच्या रोधांत २० किलोओहमचा फरक पडला, तर १० मेगाओहमच्या तुलनेत तो ०.२ टक्के होतो, आणि त्या १० मिलिव्होल्टचे २० मायक्रोव्होल्ट फरकाच्या रूपाने आत शिरतात. चिपच्या स्वतःच्या उणिवेपेक्षा हे वीसपट झाले. तार सुटल्याची सूचना मिळवण्यासाठी मोजलेली ही किंमत आहे, आणि ती रास्त की अवाजवी हे वापरावर ठरेल. मला ती थोडी महाग वाटते, कारण ती सूचना फक्त तार पूर्ण सुटल्यावर मिळते, जेल वाळून इलेक्ट्रोड अर्धवट टेकलेला असेल तर मॉड्यूल काहीच बोलत नाही.

अमेरिकेतल्या जेम्स हुहटा आणि जॉन वेबस्टर या अभ्यासकांनी १९७३ साली ईसीजीतल्या विजेच्या हमचे मार्ग असेच वेगवेगळे काढून दाखवले होते : तारांच्या वेटोळ्यात चुंबकीय क्षेत्रामुळे येणारा, तारांत हवेतून शिरणारा, शरीरात शिरणारा आणि उपकरणांच्या परस्पर जोडण्यांतून येणारा. त्यांच्या शोधनिबंधात हम ६० हर्ट्झचा आहे, कारण तिकडची वीज ६० ची. एवढा बदल सोडला, तर पन्नास वर्षांनंतर माझ्या टेबलावरच्या हमची वाटणीही तशीच निघाली, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा त्या शेवटच्या मार्गाचा होता.

तो सापडला तो लाइट गेल्यामुळे. दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मोजणी चालू असताना वीज गेली, आमच्या घरच्या इन्व्हर्टरवर असलेले पंखे आणि दिवे क्षणभर अडखळून परत सुरू झाले, आणि पडद्यावरचा जाड पट्टा मात्र बारीक झाला तो बारीकच राहिला. त्याआधी मी संशयितांची यादी केली होती आणि तीत डोक्यावरचा पंखा, त्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि ट्यूबलाइट अग्रभागी होते. ते तिघेही चालू असताना पट्टा गेला, म्हणजे तिघेही सुटले. इन्व्हर्टरवर नसलेला आणि माझ्या हाताशी असलेला एकच सॉकेट होता : लॅपटॉपच्या चार्जरचा. वीज आल्यावर चार्जर काढून आणि लावून पाहिला. काढला की रेघ, लावला की पट्टा, दहाही वेळा.

लॅपटॉपच्या पत्र्यावरून हलकेच बोट फिरवले की झिणझिण्या येतात हा अनुभव अनेकांना असेल. चार्जरच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून अर्थकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात, आणि अर्थ प्रत्यक्षात जोडलेलाच नसेल तर लॅपटॉपचा सांगाडा विजेच्या जवळपास निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. प्रवाह नगण्य असतो म्हणून शॉक बसत नाही, परंतु यूएसबीच्या केबलमधून मॉड्यूलचा शून्य (ग्राउंड) त्याच सांगाड्याला बांधलेला असल्यामुळे सारे मॉड्यूल, आणि त्याच्यामार्फत शरीर, त्या तरंगण्याबरोबर वरखाली होते. माझ्या खोलीतल्या सॉकेटात फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या आसपास व्होल्ट दिसायला हवे होते. मीटर सत्तरीत रेंगाळत होता. इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला तेव्हा अर्थची हिरवी तार मागे गुंडाळून ठेवलेली सापडली, टोकाला चिकटपट्टी लावून, अगदी नीटनेटकी. ती जोडल्यावर चार्जर लावलेल्या स्थितीतला हमही निम्म्याहून खाली आला.

तरीही चार्जर लावून हे मॉड्यूल शरीरावर कधीही लावू नये, आणि ही सूचना नॉइजसाठी नाही. मॉड्यूलच्या आराखड्यात इनपुटांवर १८० किलोओहम आणि तिसऱ्या तारेवर ३६० किलोओहमचे रेझिस्टर आहेत. मॉड्यूलच्या स्वतःच्या ३.३ व्होल्टपासून शरीरात जाऊ शकणारा प्रवाह ते १० मायक्रोॲम्पिअरच्या आत ठेवतात. स्वस्त चार्जरचे इन्सुलेशन बिघडून विजेचा पूर्ण व्होल्टेज यूएसबीवर आला, तर त्याच्याशी झगडण्यासाठी ते घातलेले नाहीत. लॅपटॉप बॅटरीवर चालवावा, किंवा आर्डुइनोला पॉवर बँक देऊन आकडे ब्लूटूथने घ्यावेत, किंवा एडीयूएम ३१६० सारख्या चिपचा यूएसबी आयसोलेटर, म्हणजे विजेची थेट जोडणी तोडून फक्त माहिती पुढे देणारा तुकडा, मध्ये घालावा. या तिन्ही उपायांनी सुरक्षितता आणि स्वच्छ आलेख हे दोन्ही एकाच खर्चात मिळतात, आणि बुधवार पेठेतून परतताना आयसोलेटर न घेतल्याचे मला आजही वाईट वाटते.

चार्जर बाजूला झाल्यावर उरलेला पट्टा दहाएक अंकांचा होता आणि त्याचे मूळ सोबत आलेल्या इलेक्ट्रोडांत होते. ते सुट्या पिशवीत होते, पाकिटावर मुदतीची तारीख नव्हती आणि एकाचे जेल कडेने पांढरे पडून वाळले होते. औषधाच्या दुकानातून बंद पाकिटातले, तारीख असलेले इलेक्ट्रोड आणले. छातीवरची ती जागा साबणाने धुतली, खरखरीत टॉवेलने त्वचा किंचित लाल होईल इतकी पुसली (पायाची वज्री काढण्याची गरज नाही, मी एकदा तोही उत्साह केला आणि दोन दिवस पस्तावलो), इलेक्ट्रोड लावून पाच मिनिटे जेलला मुरू दिले. पट्टा तीन-चार अंकांवर आला. ईसीजीचे जनक आइन्थोव्हन यांनी नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये तारेच्या गॅल्व्हानोमीटरवर ईसीजी काढला, तेव्हा रुग्णाचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवलेले असत. चित्र गमतीदार वाटते, पण त्वचेचा एवढा मोठा भाग ओला ठेवण्यामागे हेच तर गणित होते.

केबलविषयी मात्र माझे मत चांगले नाही. तिच्या रंगांना मॉड्यूलवरच्या नावांशी काहीही देणेघेणे नव्हते. तांबडी तार उजव्या हाताची समजून लावली, तर आलेख विचित्र आणि लहान आला. शेवटी मल्टिमीटर घेऊन प्रत्येक बटणापासून मॉड्यूलवरच्या आरए (उजवा हात), एलए (डावा हात) आणि आरएल (उजवा पाय, म्हणजे तो तिसरा इलेक्ट्रोड) या छिद्रांपर्यंत सलगता तपासली तेव्हा कळले की तांबडी आरएलची आहे. असे चुकीचे जोडल्यास उपकरण काही बिघडत नाही, आलेखही येतो, फक्त तो भलत्याच दिशेने पाहिलेल्या हृदयाचा असतो, आणि विद्यार्थी त्यालाच नॉइज म्हणतात. तिन्ही तारा शेवटपर्यंत सुट्या असल्यामुळे त्यांच्यात मोठे वेटोळे तयार होते. त्या एकमेकींभोवती पिळून छातीजवळ आल्यावरच सुट्या केल्या तर फरक दिसतो, विशेषतः इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरजवळ बसला असाल तर. पंख्याने मात्र एक वेगळाच त्रास दिला : त्याच्या वाऱ्याने केबल हलत राहिली आणि त्यामुळे रेघ संथपणे वरखाली डोलत होती. केबल शर्टाला चिकटपट्टीने लावली आणि डोलणे थांबले. श्वासामुळे होणारे डोलणे याहून संथ असते आणि ते बहुतांशी मॉड्यूलच गाळते. इलेक्ट्रोड मनगटावर लावले आणि मूठ आवळली की येणारी केसाळ रेघ स्नायूंची असते. तिला विजेशी जोडू नये, हात सैल सोडावा किंवा इलेक्ट्रोड छातीवर घ्यावेत.

सोबत सर्वत्र वापरला जाणारा आर्डुइनोचा नमुना प्रोग्रॅमही या परीक्षणातून सुटू नये, कारण लोक उपकरण म्हणून जे वापरतात त्यात तोही येतो. त्यात माहिती पाठवण्याचा वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, आहे, आणि एका अक्षराला दहा बिट लागतात. तीन अंक आणि ओळ संपवणारी दोन चिन्हे अशी पाच अक्षरे प्रत्येक मोजणीमागे जातात, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १९२ मोजण्या, मग आत एक मिलिसेकंदाचा विराम लिहिला असल्याने हजार मोजण्या होत आहेत असे कितीही वाटो. या अपुऱ्या वेगाला विजेच्या ५० हर्ट्झच्या तिपटीची लहर, म्हणजे १५० हर्ट्झ, आलेखात ४२ हर्ट्झची (१९२ वजा १५०) होऊन उतरते, आणि विद्यार्थी हैराण होतात की ४२ हर्ट्झचे यंत्र खोलीत आहे तरी कोणते. वेग १,१५,२०० करावा आणि मोजणी टायमरने ठरावीक अंतराने घ्यावी. मगच ५० हर्ट्झचा हम ५० वर दिसतो आणि त्याच्यावर संशय घेता येतो.

सॉफ्टवेअरमधला ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर, म्हणजे नेमकी तेवढीच वारंवारिता गाळणारा फिल्टर, मी सर्वांत शेवटी लावला आणि दोन दिवसांनी काढूनही टाकला. तो लावल्यावर हृदयाच्या उंच टोकानंतर बारीक लहरी उमटतात, ज्या शरीरात नसतात. शिवाय पहिल्याच दिवशी तो लावला असता, तर आलेख ठीक दिसला असता आणि भिंतीतली ती गुंडाळलेली हिरवी तार आजही तशीच असती.

या मॉड्यूलकडून काय मागू नये हेही स्पष्ट असावे. ०.५ हर्ट्झपासून ४० हर्ट्झपर्यंतचा पट्टा ठोके आणि त्यांची लय पाहण्यासाठी पुरेसा आहे. निदानासाठीच्या ईसीजीचा पट्टा ०.०५ पासून १५० हर्ट्झपर्यंत असतो, आणि खालची मर्यादा ०.५ ला कापल्यावर एसटी भागाचा, म्हणजे उंच टोकानंतरच्या सपाट तुकड्याचा, आकार विश्वासार्ह राहत नाही. छातीत दुखले म्हणून कोणी हे मॉड्यूल लावून बसू नये, डॉक्टरकडे जावे.

शिकण्यासाठी मात्र मी ते पाचपैकी चार तारे देऊन घ्यायला सांगेन. अर्धा तारा केबलच्या रंगांचा कापला आणि अर्धा सोबतच्या इलेक्ट्रोडांचा. घेताना औषधाच्या दुकानातले इलेक्ट्रोड वेगळे घ्यावेत आणि मॉड्यूलइतकाच खर्च आयसोलेटर किंवा ब्लूटूथवर होईल असे धरावे. यंदाच्या प्रकल्पांच्या गटांना मी मॉड्यूलबरोबर फॉइलचा एक तुकडा आणि ४७ किलोओहमचे दोन रेझिस्टर पाकिटात घालून देतो आहे, आणि सरळ रेघ दाखवल्याशिवाय "चिप डुप्लिकेट" ही तक्रार ऐकून घेत नाही. आतापर्यंत सहा गट आले आणि सहाही चिप अस्सल वागल्या. एका गटाला मात्र स्वतःच्या होस्टेलच्या खोलीतला सॉकेट तपासून घ्यावा लागला.